तिसरी पट्टी

"ही पट्टी काढावी लागेल," असं कुणीतरी माझ्या डोक्यावरून म्हणालं, तेव्हा मी गुडघे टेकून, दातात चिकटपट्टीचं टोक धरून बसले होते. कुणाशी पहिली ओळख व्हावी अशी ही अवस्था मुळीच नव्हे.

मी वर पाहिलं. आधी दिसले पांढरे बूट, मग कडक इस्त्रीची पँट, छातीवर पंचाचं ओळखपत्र आणि त्याच्याही वर एक चेहरा... येणारं हसू मोठ्या कष्टाने आवरून धरलेला.

"कुठली पट्टी?"

"तिसरी. उंच उडीला खुणेच्या पट्ट्या दोनच लावता येतात."

"दोन माझ्या पायांसाठी आहेत. तिसरी डोळ्यांसाठी."

"डोळ्यांसाठी नियमात सोय नाही," तो म्हणाला. इतक्या गंभीरपणे, की मलाच हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी माझी अंतिम फेरी होती आणि आम्हाला सरावासाठी हॉल उघडून दिला होता. उघड्या मैदानावर ज्याचा त्याचा कोपरा असतो. इथे मात्र एका खोलीत सगळा संसार मांडल्यासारखं – कडेने धावपट्टी, मध्ये आमची गादी आणि दांडी, तिला खेटून लांब उडीची वाळू, आणि वर छपरावर पावसाची टपटप. देशोदेशींचे खेळाडू एकमेकांना चुकवत, माफी मागत पळत होते.

तर, तिसरी पट्टी. लहानपणी मी धाव सुरू करण्याआधी घाबरून रडकुंडीला यायचे. माझी आत्या, म्हणजे माझी प्रशिक्षक, स्वतः एके काळी उड्या मारायची. तिने पट्टीचा एक निळा तुकडा फरशीवर चिकटवला आणि म्हणाली, "इथे बघ, हस, आणि मग पळ." तेव्हापासून त्या निळ्या तुकड्याकडे बघून हसल्याशिवाय मी कधी उडी मारली नव्हती. आमच्याकडे कुणी मोजायच्या भानगडीत पडलं नव्हतं, इथे मात्र नियमवाल्याशी गाठ पडली. त्याने स्वतः खाली बसून नखाने ती पट्टी हळूच सोडवली. चुरगळून टाकेल म्हणून मी मान फिरवली.

एरवी मी मनाला लावून घेतलं नसतं. पण संघातल्या मुली मला 'चौथी' म्हणून हाक मारतात. राग नाही येत, कारण खरंच आहे ते. गेल्या तिन्ही मोठ्या स्पर्धांत मी चौथी आले. तीन जणी पायऱ्यांवर उभ्या राहून फोटो काढून घेतात आणि चौथी खाली उभी राहून टाळ्या वाजवते. या वेळी मला पायरी हवी होती. बाकी काही नको.

संध्याकाळी बसच्या थांब्यावर तो पुन्हा भेटला. पाऊस लागला होता, छत इवलंसं होतं, आणि भिजायचं नसेल तर जवळ उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी अजिबात तक्रार केली नाही.

एरवी तो शाळेत गणित शिकवतो, हे तिथे कळलं. पंचांच्या परीक्षा देत देत त्याने कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या स्पर्धांत फिती धरल्या, वाळू सारखी केली. उद्या पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय अंतिम फेरीचे झेंडे त्याच्या हातात येणार होते. उडी साधली तर पांढरा, फसली तर लाल. घरी आरशासमोर तो त्याची तालीम करत होता, तेव्हा त्याच्या आईने विचारलं म्हणे, "कुठली गाडी सोडतोयस रे?"

मी पोट धरून हसले. तोही हसला, आणि हसल्यावर तो नियमवाला राहत नव्हता, हे मी मनात टिपून ठेवलं.

"उद्या माझी दांडी हलली, पण पडली नाही, तर?" मी विचारलं.

"ती हलायची थांबेपर्यंत मी थांबणार."

"आणि मी तुमच्याकडे बघून हसले तर?"

छतावरून पाण्याची धार त्याच्या खांद्यावर पडत होती, तरी तो हलला नाही.

"हसू नका," तो शेवटी म्हणाला. "प्लीज."

तेवढ्यात बस आली. मी खिडकीपाशी बसले आणि मुद्दाम त्याच्याकडे बघून हसले. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मी दोन पट्ट्या लावल्या, नियमाने, आणि मान वर केली. झेंडे एका टक्कल पडलेल्या काकांच्या हातात होते. आणि माझा नियमवाला? पलीकडे लांब उडीच्या वाळूत दाताळं घेऊन उभा... माझ्याकडे पाठ करून.

माझा चेहरा पडला. कालच्या माझ्या थट्टेमुळे तो पळाला, असंच मला वाटलं. पहिल्या काही उंच्या मी सवयीने पार केल्या. मग चौघीच उरल्या आणि दांडी आणखी वर गेली. तिघींना ती उंची साधली, त्यातल्या एकीला जेमतेम तिसऱ्या प्रयत्नात. मला साधली नाही. दुसऱ्यांदाही नाही. म्हणजे चौथी... पुन्हा एकदा. एकच उडी शिल्लक होती.

मी कठड्यापाशी गेले. आत्याने पाण्याची बाटली दिली आणि अगदी सहज म्हणाली, "तो वाळूतला बघ. अख्खा हॉल तुझ्याकडे बघतोय आणि हा पठ्ठ्या तेवढा वाळूकडे. सारखी झालेली वाळूच पुन्हा पुन्हा ओढतोय."

मी पाहिलं. खरंच, एकाच जागी दाताळं ओढत होता. पळून गेलेला माणूस इतका अस्वस्थ कशाला होईल? मला सगळं कळलं नाही, पण इतकं नक्की कळलं की ती पाठ मला फिरवायची आहे. मी खुणेवर उभी राहिले. खाली निळी पट्टी नव्हती. मी त्या पाठीकडे बघून हसले आणि धावत सुटले.

अंगाखालून दांडी गेली तेव्हा मला ती लागलीच नाही. गादीवर पडल्या पडल्या मी पांढरा झेंडा पाहिला, आणि त्यापलीकडे वाळूत एक माणूस गर्रकन वळलेला पाहिला.

पुढची उंची मला आणि तिसऱ्या प्रयत्नात तरलेल्या त्या मुलीला झेपली नाही. आधीच्या उंच्यांवर तिच्या फसलेल्या उड्या जास्त होत्या, त्या हिशेबाने मी तिसरी आले.

स्पर्धा संपली की आपापल्या पट्ट्या आपणच काढायच्या असतात. मी गुडघ्यावर बसून ते करत होते, तेव्हा मुख्य पंच बाई जवळ आल्या. अभिनंदन केलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, काल सरावात आमच्या त्या पंचाशी तुमचं काही वाजलं का? सकाळी येऊन म्हणाला, त्या खेळाडूच्या बाबतीत मी तटस्थ राहू शकत नाही, झेंडे दुसऱ्या कुणाला द्या. एवढा आकस पंचाला शोभत नाही, म्हणून वाळूत पाठवलं त्याला.

माझ्या हातातली पट्टी हातालाच चिकटली.

"बाई," मी म्हणाले, "त्याच्याबद्दल वाईट मत करून घेऊ नका. तो आकस नाहीये."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. माझे कान तापले होते, ते त्यांना दिसलंच असणार.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "मग तर त्याने फारच बरोबर केलं."

मी वाळूकडे गेले. लांब उडी केव्हाच आटोपली होती, तरी तो वाळू सारखी करत होता.

"पाठ का केली होतीत?"

"बघितलं असतं तर ओरडलो असतो. पंचाला ओरडता येत नाही."

"आणि झेंडे? इतकी वर्षं वाट पाहिलीत त्यांची."

त्याने दाताळं खाली ठेवलं. "दांडी हलली असती, तर ती थांबायची वाट मी पाहिली नसती. पांढरा वर केला असता. मग तुमचं पदकही खोटं आणि माझे झेंडेही खोटे. तसं... नको होतं मला. तुम्ही मला फार आवडता."

इतकं सरळ कुणी मला कधी सांगितलं नव्हतं. थट्टा करायची सोडून मी त्याच्या बुटांवरची वाळू बघत राहिले. माझ्या बाबतीत हे नवीन होतं.

मग त्याने गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. मागच्या बाजूला माझी निळी पट्टी चिकटलेली होती, सुरकुती नसलेली.

"खेळाडूची वस्तू स्पर्धेनंतर परत करायची," तो म्हणाला.

"असा नियम आहे?"

"नाही. मीच केला."

मागून आत्या हाका मारत होती, पदकासाठी बोलावत होते. मी पट्टी हळूच सोडवली आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवून तळहाताने नीट दाबली. आत धडधड चालू होती, माझ्याइतकीच.

"मी पायरीवर उभी राहीन, तेव्हा समोर थांब," मी म्हणाले. "मला इथे बघून हसायचंय."

त्याने या वेळी नको म्हटलं नाही.