आढ्यावरचं कौल

मी शाळेत विज्ञान शिकवते. भूतबित मानणाऱ्यांना आजवर हसतच आले. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय. पण एक अक्षर खोटं नाही. खोटं सांगून मला मिळणार तरी काय?

रात्रीची गोष्ट नाही ही. एकवीस एप्रिल, गेल्या वर्षीची. भर दुपार. आमचं घर नाशिकला, मखमलाबादच्या पुढे.

घर कौलारू. नवऱ्याची, ललितची हौस. त्याला लहानपणापासून वाढवलं त्याच्या आत्यानं, पेठकडच्या एका पाड्यावर. आम्ही तिला अक्का म्हणायचो. म्हातारपणी ती आमच्याकडे आली तेव्हा तिला स्लॅबखाली करमेना, म्हणून याने हे घर बांधताना स्लॅबऐवजी मंगलोरी कौलं घातली.

दिसायला छान हो. पण वरून धूळ पडायची. उंदरांच्या लेंड्या पडायच्या. एकदा तर आमटीत पाल!

माझं डोकं फिरलं. मी सिलिंग करून घेतलं, सोबत एसी.

सिलिंगवाला महेश. तो म्हणाला, "मॅडम, फटी ठेवल्या तर एसी काम करणार नाही." मी म्हटलं, बुजवा मग. त्याने वळचणीच्या फटींत थर्माकोल कोंबला. आढ्यावरची कौलं सिमेंटने लिंपून टाकली. खालून पांढरंशुभ्र पीव्हीसी.

गरम हवा वर जाते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते, हे मी दरवर्षी सहावीच्या पोरांना शिकवते. तरी!

अक्का पहिल्याच दिवशी म्हणाली, "पोरी, घराचं नाक बुजवलंस गं. आता घर श्वास कुठून घेल?"

तिला दमा होता. बंद खोलीत छातीतून शिट्टी वाजायची. दर दहा मिनिटांनी उठून दार उघडायची. गार हवा बाहेर. मी बंद करायचे, ती उघडायची. महिनाभर हेच. नाकी नऊ आले होते मला.

"उघड गं जरा." दिवसातून वीस वेळा तेच.

त्या दुपारी ललित कामावर होता. मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होते. बेचाळीस डिग्री ऊन. डोकं ठणकत होतं. अक्काने पाचव्यांदा तिच्या खोलीचं दार उघडलं…

मी उठले. तिला आत बसवलं. दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली.

दहाच मिनिटं, असं मनाशी म्हटलं. आईशप्पथ, दहाच मिनिटं.

दोन वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली. एसी बंद पडला.

आणि दारावर… टक. टक.

"उघड गं."

मला ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं. पण मी म्हटलं, एवढा गठ्ठा संपवते आणि उघडते. रागच तसा होता.

टक. टक.

मग थांबलं. बरं वाटलं मला. हेही खरं आहे, म्हणून लिहितेय.

अर्ध्या तासाने कडी काढली तर दार जड लागलं. अक्का आतून दाराला टेकून बसली होती. तोंड उघडं. खोली भट्टीसारखी तापलेली.

तिला खाटेवर घेतलं. ललितला फोन केला. डॉक्टर आले, तपासून म्हणाले, आता हलवू नका, थोडाच वेळ उरलाय.

पण ती जाईना.

डोळे वर लावलेले. एक बोट सिलिंगकडे. ललितला कळलं. त्यांच्याकडे माणूस अडकून पडलं की आढ्यावरचं एक कौल काढतात, जिवाला वाट म्हणून. तो रडत स्टुलावर चढला. पीव्हीसीची पट्टी उचकटली, थर्माकोल ओरबाडला. वर सिमेंट. मुसळाने ठोकलं. एक खपलीसुद्धा निघाली नाही.

संध्याकाळी सहाला अक्का गेली. बोट तसंच वर.

"एक कौल नाही काढता आलं मला तिच्यासाठी," एवढंच तो म्हणत राहिला.

कडीचं मी त्याला सांगितलं नाही.

महेशच्या माणसाने येऊन उचकटलेली पट्टी परत बसवली. तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच होते. दोन वाजून दहा मिनिटांनी सिलिंगच्या वरून आवाज आला…

शिट्टी.

हळू. लांब. मग थांबून पुन्हा.

दमेकरी माणूस श्वास घेतं ना, तश्शी.

रोज. त्याच वेळेला. सिलिंगला पाणी सुटू लागलं. नेमकं अक्काच्या खाटेवर टपटपायचं. ललितनेही एका रविवारी ऐकलं. पांढराफटक पडला तो.

मी महेशला फोन लावले. एक नाही, अकरा! शेवटी उगवला.

"मॅडम, वर गरम हवा अडकते. तिला बाहेर जायला जागा नाही. म्हणून पाणी सुटतं."

"मग बुजवलंत कशाला?"

"तुम्हीच म्हणालात."

उलट्या बोंबा म्हणावं, तर माणूस खरंच बोलत होता.

"आणि तो आवाज?"

तो वर बघत राहिला. मग म्हणाला, "दुसरा कोणी बघा." आणि गेला. पान्हे इथेच राहिलेत त्याचे.

शेवटी ललितने पेठहून पुंजामामांना आणलं. जन्मभर लोकांच्या घरांची कौलं चाळत, फुटकी बदलत आलेला माणूस. ते शिडीवर चढले, छिन्नी लावली. पहिलं कौल निघालं आणि मामा एकदम मागे सरले.

आतून गरम हवेचा झोत आला होता. खाली अंगणात मला जाणवला.

मामांनी तोंड पुसलं. खाली बघून विचारलं, "आत कोण कोंडलं व्हतं का?"

ललित माझ्याकडे बघत होता. मी घरात निघून गेले.

मामांनी काम चोख केलं. थर्माकोल काढून वळचणीला जाळी मारली, म्हणजे खालून हवा आत येईल. आढ्याला चार ठिकाणी कौलं उचलून बसवली, म्हणजे वरून ती बाहेर जाईल. पावसाचं पाणीही येत नाही. घर गार झालं. पाणी सुटायचं थांबलं. शिट्टी बंद.

"गेली अक्का," ललित म्हणाला. किती दिवसांनी नीट जेवला तो!

मलाही वाटलं, सुटलो.

कसलं काय! आगीतून फुफाट्यात.

दुसऱ्या दुपारी. दोन वाजून दहा मिनिटं…

टक. टक.

अक्काच्या खोलीच्या दारावर. आतून.

दार उघडंच होतं हो. सताड. आत कोणी नाही.

चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी सुताराला बोलावून मी ते दार चौकटीतून काढूनच टाकलं. परसात भिंतीला टेकवून ठेवलं. ललितला सांगितलं, वाळवी लागलीय.

आज वर्ष होऊन गेलं.

दार तिथेच आहे. त्याच्या मागे जेमतेम चार बोटं जागा. त्यात मांजरसुद्धा मावणार नाही. दुपारी दोन दहाला तिथून आवाज येतो.

टक. टक.

आणि कडी… कडी सरकवलेली असते. लागायला समोर चौकट नाही, काही नाही. तरी रोज पुढे सरकलेली.

मी जाते. मागे ओढते. म्हणते, "उघडलं गं अक्का. सगळं उघडलं. आता जा ना!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा लागलेली. रागाने एकदा उपटूनच टाकणार होते, पण हात लावला तर ती गरम लागली. सावलीतली कडी.

परवा ललित लवकर घरी आला. मी परसात वाकलेली. तो मागे कधी उभा राहिला, कळलं नाही.

"पल्लवी, या दाराची कडी तू रोज काढतेस. का?"

सांगायला तोंड उघडलं. छातीतून नुसती शिट्टी वाजली.

मला दमा नाही.