मिठागराकडे गेलेला आवाज

तिरुचीतल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत आरोक्यम टीचर आवाज शिकवत. पुरुषाच्या शरीरात जन्मलेल्या आणि आता बाई म्हणून जगणाऱ्या मुली त्यांच्याकडे येत. अल्ली त्यांतलीच. पाण्याच्या ग्लासात नळी बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. मग ओठ मिटून गुणगुणायचं, एक हात छातीवर, दुसरा नाकाशी. छाती थरथरली तर आवाज खाली गेला. नाक झिणझिणलं तर बरोबर.

त्या दुपारी ती नेहमीसारखीच शिकवणीला गेली होती.

"आज छाती जराही हलली नाही बघ," टीचर म्हणाल्या. "आता हाच तुझा आवाज."

"आणि आधीचा कुठं जातो, टीचर?"

टीचर हसल्या. "जातोय कुठं! गळा तर एकच."

खोलीवर सेंबा कपडे वाळत घालत होती. दोघी एकत्र राहत. "अगं, बोल की काहीतरी! इतके दिवस नुसती म्हैस पाण्यात बसल्यासारखी डुबूक डुबूक करतेस."

अल्ली लाजत, नव्या बारीक आवाजात म्हणाली, "काय बोलू?"

सेंबाच्या हातातली चिमट्यांची टोपली खाली पडली. "बाई गं! आता भाजीवाला तुला चढा भाव सांगणार, बाईमाणूस समजून!"

दोघी हसल्या. पण अल्लीला हा आवाज भाजीवाल्यासाठी नको होता. तिची आई दूर वेदारण्यमला मिठागरात काम करायची. पांढऱ्या मिठावरचं ऊन बघून बघून तिची नजर गेली होती. आता आई आवाजावरूनच माणसं ओळखे. तमिळमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' एकच. बोलणारा कोण, हे फक्त आवाज सांगतो. फोनवर अल्ली आवाज दाबून खाली न्यायची आणि पूर्वीसारखी बोलायची. खरं सांगायचा धीर झाला नव्हता. आई प्रत्येक वाक्याला 'रे' जोडायची. अल्लीला एकदा, फक्त एकदा, 'गं' ऐकायचं होतं.

रविवारी तिने फोन लावला. आवाज खाली दाबला. पण खाली काहीच नव्हतं. नुसती हवा आली.

"राहू दे रे, नको बोलूस," आई म्हणाली. "घसा बसला असेल. काल दारात किती हाका मारल्यास!"

काल तर अल्ली तिरुचीतच होती.

"आत ये म्हटलं तर पायरीवरच बसलास. सुकटीचं कालवण मागितलंस... आज करून ठेवलंय. ये हं."

फोन ठेवल्यावर अल्ली मोरीत जाऊन खोकली. खोकला, हसू आणि हुंदका सगळ्यांत शेवटी बदलतात, असं टीचर सांगत. खोकला बारीक आला. मग हुंदका आला, तोही बारीकच.

"म्हाताऱ्या माणसाला भास होतात," सेंबा म्हणाली. पण अल्लीची पिशवी तिनेच भरून दिली.

दुसऱ्या दिवशी बस वेदारण्यमला पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. झावळ्यांनी झाकलेले मिठाचे ढीग ओळीने बसले होते, पदर घेतलेल्या बायकांसारखे. वारा नव्हता. खाऱ्या चिखलाचा वास नाकात चढत होता. पायाखाली मिठाचा पापुद्रा मोडायचा, आणि आपण कुणाच्या तरी झोपेवरून चालतोय असं तिला वाटत राहिलं.

झोपडीचं दार लोटलेलं होतं. आत आई बोलत होती. आणि तिला उत्तर देत होता एक जाड, खालचा आवाज.

तो अल्लीचाच होता. गळ्यात असताना तिला त्याचा किती राग यायचा! बाहेरून ऐकला तर तो वाईट नव्हता. थकलेला होता, मऊ होता.

"अम्मा..." तिने नव्या आवाजात हाक मारली.



"कोण आहे?" आई म्हणाली.

 मग आतून तो जाड आवाज हळूच म्हणाला, "अक्का आहे, अम्मा. अल्ली. दार उघड..."

हे नाव तिने घरी कधीच सांगितलं नव्हतं.

आई बाहेर आली. तिचे मिठाने चिरलेले हात अल्लीच्या कपाळावरून, गालांवरून, कानातल्या डुलांवरून फिरले.

"अल्ली होय? ये गं. किती वाळलीस गं!"

अल्लीने ते हात गालाशी धरून ठेवले, मग ती आत गेली. 

आत दिवा होता. भात कालवलेलं एक ताट होतं, अर्धं संपलेलं. माणूस कुणीच नव्हतं.

"कुठं आहे तो?"

"निजला असेल भिंतीकडे तोंड करून," आई कुजबुजली. "दमलाय बिचारा. इतकी वर्षं एकटाच बोलत होता ना. उठवू नकोस... आणि दाराला कडी लाव गं आधी."

"का?"

"परवापासून तिन्हीसांजेला एक पोर येतं. रडत नाही, काही नाही. एक हाक मारतं आणि नुसतं उभं राहतं. मी घेतलं नाही आत."

अल्ली दाराशी गेली. बाहेर मीठ तेवढं उजळ होतं, बाकी सगळं निळं झालं होतं. कुणी दिसत नव्हतं. तिने कडीला हात घातला, आणि बाहेरून एक आवाज आला. स्वच्छ आणि पातळ. तिचा घसा फुटण्याआधीचा, लहानपणचा. इतके महिने नळीतून फुंकर घालत ती जो शोधत होती आणि जो कधीच पुरता हाती लागला नव्हता.

त्याने आईला हाक मारली नाही.

"अक्का," तो अगदी जवळून, तिच्या कमरेच्या उंचीवरून म्हणाला, "आता मी कुठं राहू?"

अल्लीचा हात कडीवरच राहिला. तिच्या घशात काहीतरी हललं, सावकाश, अंग चोरून कुणाला तरी जागा करून दिल्यासारखं.