आठ नंबरची बोट

"धर! माझी चप्पल, क्रेमेनाची टोपी आणि हे कणीस. कणीस खाऊ नकोस हं!" यासेनने सगळं बिल्यानाच्या मांडीवर टाकलं आणि तो रांगेकडे पळाला.

"तुझं उष्टं कणीस कोण खातंय!" बिल्याना ओरडली, पण तो ऐकायला थांबला कुठे?

बुर्गास शहराजवळच्या 'समुद्रघोडा' पार्कात मगर-नदी नावाची राईड होती. तिच्या कठड्याशी बिल्यानाची चाकाची खुर्ची उभी होती. हा तिचा चौथा उन्हाळा. दर सुट्टीत ती प्लेवेनहून वासिल्का मावशीकडे यायची. मावशीची मुलं, यासेन आणि क्रेमेना, तिला इथे आणायची. मग ती दोघं बोटीत बसायची आणि बिल्याना सामान सांभाळायची. फाटकावर व्हीलचेअरचं निळं चित्र होतं आणि त्याखाली प्लास्टिकमध्ये घातलेला कागद: 'व्हीलचेअरची बोट दुरुस्तीला गेली आहे. क्षमस्व.'

पहिल्या वर्षी ती रडली होती. दुसऱ्या वर्षी चिडली होती. आता तिला दोन्हीचा कंटाळा आला होता. उद्या सकाळच्या बसने घरी जायचं होतं आणि तिने ठरवूनच टाकलं होतं, आज बसायला मिळालं नाही तर पुन्हा या पार्काचं नाव काढायचं नाही. वाट बघून माणूस दमतो हो! तेरा वर्षांचा असला तरी दमतो.

आणि कठड्याशी बसून दुसरं करणार काय? ती येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी मोजत होती. पाच, सहा, सात, नऊ, दहा...

"ए, आठ नंबरची बोट कुठाय?" दोघं भिजून परत आल्यावर तिने विचारलं.

"आठ अपशकुनी असेल," यासेन केस झटकत म्हणाला.

"अपशकुनी तेरा असतो, शहाण्या! आणि तेरा आत्ताच गेली. चौदा पण आहे. आठच नाही."

क्रेमेनाने फाटकावरच्या कागदाकडे बघितलं. उन्हाने त्याची अक्षरं पार फिकी पडली होती. "म्हणजे आठ नंबर तुझी बोट! बिल्याना, असली कसली दुरुस्ती, चार-चार वर्षं चालणारी?"

राईड चालवणारा दोब्री फाटकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. विचारल्याबरोबर त्याने उत्तर दिलं, "बोट ना? वर्कशॉपात."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. पुढच्या वर्षी ये, बाळ."

'पुढच्या वर्षी' ऐकून बिल्यानाने खुर्ची फाटकापासून मागे घेतली. परत फिरावं, मावशीच्या छत्रीखाली जाऊन पडावं, असं तिला वाटलं. पण क्रेमेनाने तिच्या खुर्चीचं तोंड वर्कशॉपकडे वळवलंसुद्धा होतं!

"मी ढकलू का?" तिने विचारलं.

"नको, माझे हात आहेत की! दमले ती वाट बघून, खुर्ची ढकलून नाही."

वर्कशॉप होतं पार्काच्या मागच्या टोकाला, खडीच्या रस्त्याने. खडीत चाकं रुततात आणि दर चार हातांवर दम लागतो. ते पोहोचले तेव्हा बिल्यानाचे तळवे लाल झाले होते. आत सिम्का नावाच्या मेकॅनिक बाई चक्रातल्या एका लाकडी घोड्याचा पाय बसवत होत्या.

"काकू, आठ नंबरची बोट बघायचीय."

"माझ्याकडे कुठली?" सिम्काकाकूंनी पान्हा खाली ठेवला. "दाराची बिजागरी ढिली होती, ती मी त्याच दिवशी बसवून परत पाठवली. चार उन्हाळे झाले!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"एवढी मोठी बोट कुणी खिशात घालून नेली काय?" यासेन म्हणाला.

ते दमून, घामाघूम होऊन पेंचोकाकांच्या खानावळीपाशी आले. तिथे द्राक्षाच्या मांडवाखाली एका लांबलचक हौदासारख्या वस्तूभोवती चौकटीचं कापड गुंडाळलं होतं आणि आत कलिंगडांचा डोंगर! बर्फाच्या पाण्यात नुसती तरंगत होती. यासेन एका कलिंगडावर टिचकी मारून बघायला लागला. क्रेमेना त्याला ओढायला लागली. बिल्यानाचे डोळे मात्र खाली गेले. उभ्या माणसाला कलिंगडं दिसतात. बसलेल्याला कापडाखालचं दिसतं.

कापडाच्या कडेखालून पाणी ठिबकत होतं. ठिबकत होतं ते एका बिजागरीतून.

"यासेन," ती हळूच म्हणाली, "हौदाला बिजागरी कशाला लागते रे?"

तिने कापड वीतभर उचललं. निळा रंग! बाजूला कडी लावलेलं, खाली पडणारं दार! ते दार पाडलं की त्याचाच उतार व्हायचा. आणि त्या रंगावर मोठ्ठा पांढरा आठ!

"अगं बाई!" क्रेमेनाने तोंडावर हात ठेवला.

"चला, आत्ताच्या आत्ता पार्काच्या साहेबांना सांगू!" यासेन तर निघालाच.

"थांब! सांगून काय होणार?" बिल्याना म्हणाली. "'अरे वा, बघू हं, पुढच्या वर्षी' म्हणतील. चार वर्षं तेच ऐकतेय मी. मला आता नुसतं 'बघू' नकोय. आधी त्यांच्याकडून शब्द घेऊ."

पार्काचे डायरेक्टर मिन्चेव साहेब समोरच्याच टेबलावर जेवत होते. शेजारी नगरपालिकेच्या त्सोनेवाबाई होत्या आणि साहेब त्यांना आपल्या पार्काचं गुणगान ऐकवत होते. ताटात पांढरं चीज आणि कलिंगडाच्या फोडी होत्या. त्या कुठल्या हौदातल्या होत्या ते आता तुम्हाला माहीत आहेच!

त्या दोघांना बोटीपाशी ठेवून बिल्याना खुर्ची घेऊन सरळ टेबलापाशी गेली. "साहेब, एक विचारू?"

"विचार की, बाळ!"

"मगर-नदीची आठ नंबरची बोट कुठे आहे?"

"ती होय? वर्कशॉपात. तिचा एक भाग परदेशातून यायचाय. पुढच्या वर्षी नक्की!"

"म्हणजे ती इथे नाही?"

"छे! इथे असती तर मी स्वतः तुला तीत बसवलं असतं!"

"आजच्या आज?"

"आजच्या आज! शब्द देतो. या त्सोनेवाबाई साक्षीला!"

"मग ठीक आहे," बिल्याना म्हणाली. "यासेन, कडी!"

क्रेमेनाने कापड खेचलं. यासेनने कडी उचलली. दार धाडकन खाली आलं! बर्फ, पाणी आणि पंधरा-वीस कलिंगडं गडगडत सुटली. एक फुटलं, एक साहेबांच्या बुटाला धडकून थांबलं, आणि पेंचोकाका "माझी कलिंगडं! माझी कलिंगडं!" करत त्यांच्यामागे धावले. त्सोनेवाबाईंनी पाय वर घेतले.

"साहेब," बिल्याना म्हणाली, "ही बघा. आली परदेशातून."

मिन्चेव साहेबांच्या हातातली फोड हातातच राहिली.

मग चौकशी झाली. दोब्रीला बोलावलं. तो खाली मान घालून म्हणाला, "त्या बोटीत माणूस बसवायला चार मिनिटं लागायची, साहेब. रांग ओरडायची. पेंचोने एका संध्याकाळपुरती मागितली, मी दिली."

"मला कुणी परत मागितलीच नाही!" पेंचोकाका म्हणाले.

"मला वाटलं, वर्कशॉपात आहे," साहेब म्हणाले.

"आणि मला वाटलं, नदीत आहे," सिम्काकाकू म्हणाल्या.

बिल्याना ऐकत राहिली. तिला वाटलं होतं, कुणीतरी दुष्ट निघेल आणि त्याच्यावर मनसोक्त चिडता येईल. पण दुष्ट कुणीच नव्हतं. नुसतं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. ते ऐकून ती आणखीच दमली.

पण शब्द तो शब्द! त्सोनेवाबाई घड्याळ बघत उभ्याच राहिल्या. सिम्काकाकूंनी बिजागरी, पट्टे, कड्या, सगळं तपासलं आणि बोट नदीत उतरवली. पहिली फेरी बोटीत कलिंगडं भरून मारली. ती सुखरूप परत आली तेव्हा रांगेने टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी बाह्या सरसावून बिल्यानाची खुर्ची स्वतः उतारावरून आत नेली आणि पट्टे आवळले. पुरती चार मिनिटं लागली.

"किती वेळ!" मागून एक माणूस कुरकुरला.

"चार मिनिटं झाली हो! ती चार वर्षं थांबलीय!" क्रेमेनाने त्याला तिथेच गप्प केलं.

बोट निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण, अंधारी गुहा! आणि गुहेच्या तोंडाशी रबराची एक मगर अर्धा जबडा उघडून अडकलेली. ती एकदा 'कुईं' करून बंदच पडली. मग उतारावरून बोट घसरली, तोंडावर बादलीभर पाणी आलं आणि संपलं.

"एवढंच?" नाकातोंडातलं पाणी पुसत बिल्याना म्हणाली.

"एवढंच!" धक्क्यावरून यासेन म्हणाला.

"याच्यासाठी मी चार वर्षं झुरले?" आणि ती इतकी हसली, इतकी हसली की पोट दुखायला लागलं. किती दिवसांनी तिला असं हलकं वाटत होतं!

बातमी ऐकून धावत आलेली मावशी डोळे पुसत तिथेच उभी होती. मिन्चेव साहेब म्हणाले, "शाबास, मुलांनो! तुमच्यामुळे आमचे डोळे उघडले. आणि बाळ, केवढा गं तुझा धीर!"

"धीर नाही हो, काका," बिल्याना म्हणाली. "कंटाळा आला होता."

साहेबांनी फाटकावरचा तो कागद स्वतःच्या हाताने काढला.

रांगेच्या कडेला आता एक म्हाताऱ्या बाई आपल्या चाकाच्या खुर्चीत येऊन थांबल्या होत्या. नातू मागे उभा होता. त्यांनी भिजलेल्या बिल्यानाला निरखून बघितलं.

"कशी आहे गं राईड?"

"मगर अगदीच भंगार आहे, आजी," बिल्याना म्हणाली. "बसा, बसा. चार मिनिटं लागतात."