कधीच खूश न होणारी

स्वतःच्याच चष्म्यावर बसण्याचा वेंधळेपणा केला नसता, तर रेडिओवरची निवेदिका त्या चष्म्याच्या दुकानात कशाला गेली असती? चष्मेवाल्याने वाकडी दांडी सरळ केली, चष्मा स्वतःच्या हाताने तिला घातला आणि... बोटं तिच्या कानाजवळ जरा जास्तच रेंगाळली. मग महिनाभर तिचा चष्मा या ना त्या कारणाने सैल होत राहिला.

रोज सकाळी ती रेडिओवर एका शब्दाची जन्मकथा सांगायची. आज पाळी नणंदेची होती. "मूळ शब्द ननांदृ," ती म्हणाली. "न नन्दति. भावजयीने कितीही केलं तरी कधीच खूश न होणारी, असा अर्थ जुने पंडित लावतात." इथवर ठीक होतं. पण जिभेला हाड नसतं. "तेव्हा मुलींनो, मुलाला बहीण आहे का ते आधी बघा. असली तर पळा," असंही तिने वर जोडलं.

संध्याकाळी ती दुकानात शिरली, तर चष्मेवाला मान वर करेना.

"काय झालं?"

"आत ताई असते... काचा घासायला. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. रोज तुमचा कार्यक्रम लावते. आज मध्येच बंद केला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. महिनाभर आपण या माणसाशी हसलो-बोललो, आणि घरी कोण असतं एवढंही विचारलं नाही. पाय दाराकडे वळत होते. पण आत्ता गेली असती, तर पुन्हा ही पायरी चढायचं तोंड राहिलं नसतं. ती पडदा सारून आत गेली.

"ताई, अर्थ पुस्तकातला होता. पळा म्हटलं ते माझं. मला फार लाज वाटतेय."

ताईने हातातली काच खाली ठेवली. "लाज मलाही वाटली. याची तीन स्थळं मीच नाक मुरडून परत पाठवली. एक बुटकी, एक बडबडी. तिसरीत काही खोट सापडेना, त्याचाच राग आला. पुढचं ऐकवेना, म्हणून बंद केला रेडिओ."

"बडबडी तर मीही आहे," निवेदिका पुटपुटली.

"ते सगळ्या गावाला माहितेय. पण तुम्ही कशाला एवढ्या ओशाळताय? मी तुमची नणंद कुठे आहे?"

बाहेर स्क्रूची डबी सांडली. निवेदिकेचे कान तापले. पडद्याआडून चष्मेवाल्याचा चेहरा डोकावला, तिच्याहून लाल.

"म्हणजे... ताईला करून घ्याल का? नणंद?"

"त्यांनाच विचारा," ती खालमानेने म्हणाली. "खूश होतील का?"

ताईने तिचा चष्मा काढला, दांड्या जराशा दाबल्या आणि पुन्हा नाकावर बसवला.

"महिनाभर हा का सैल होतोय, ते मला कळत नव्हतं असं वाटलं का तुम्हाला? आता पुन्हा सैल झाला, तर दुकानात येऊ नका. घरीच घट्ट करून देईन."