दुखलं तर डावा हात

नंदाखाल गावच्या रस्त्यावर रेजिनामावशी केळी घेऊन बसायची. लॉकडाऊन नुकताच सैल झाला होता. माझ्यापुढचा तरुण अगदी मऊ, पिचपिचीत केळी शोधत होता — आणि मास्कवरून उजवा गाल दाबून धरत होता. मला राहवेना.

“खालची दाढ ना? झोपलं की जास्त ठणकते?”

त्याने वळून पाहिलं. डोळे पाणावलेले, तरी हसरे. “तुम्ही ज्योतिष बघता का?”

“दात बघते. डॉक्टर इनेझ. नालासोपाऱ्यात क्लिनिक आहे... सध्या तरी.”

सध्या तरीच. दात कोरायचं मशीन लावलं की तोंडातले तुषार हवेत उडतात. त्यामुळे पेशंट माझ्या खुर्चीला घाबरत होते, आणि मी त्यांच्या उघड्या तोंडाला. घरी मम्मीला दमा. पुण्यातल्या एका विमा कंपनीत टेबलावरची नोकरी मिळत होती. क्लिनिक बंद करून मम्मीला घेऊन तिकडे जायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला. नाव सॅन्टन, सातिवलीत पंखे बनवायचं छोटं वर्कशॉप. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या किटमध्ये मला बघून त्याने विचारलं, चंद्रावर कधी निघालात? मी सगळ्यांना सांगते तेच सांगितलं — बोलता येणार नाही, दुखलं तर डावा हात वर करा. पठ्ठ्याने एकदाही केला नाही. मी रूट कॅनल करून दाढेची नस काढली. चेहऱ्यावरच्या काचेआड घामाने निथळणारी मी मात्र त्याच्या नजरेतून सुटले नाही. पुढच्या खेपेला तो चक्क एक एक्झॉस्ट पंखा घेऊन आला आणि स्वतःच खिडकीत बसवून दिला. हवा खेळायला लागली, माझी भीती थोडी कमी झाली. दर वेळी त्याची तक्रार एकच.

“तुम्ही माझी अक्कलदाढपण पाहिली, डॉक्टर. मी तुमचं नाकपण नाही. बरोबर आहे का हे?”

“आधी ट्रीटमेंट संपू दे,” मी म्हणायचे. आणि खरं सांगू? ती संपू नये असंच वाटायचं.

शेवटी कॅप बसवायचा दिवस आला. सिमेंट घट्ट होईपर्यंत कापूस चावून गप्प बसायचं होतं. त्याला बोलता येत नव्हतं, म्हणूनच मला धीर आला. हत्यारं पुसता पुसता सांगून टाकलं — “तुम्ही इथले शेवटचे पेशंट. महिनाअखेर क्लिनिक सोडतेय. पुण्याला चाललेय.”

त्याचा डावा हात वर गेला.

मी घाईने वाकून पाहिलं. कॅप नीट होती, हिरडीही ठीक. नस काढलेली दाढ दुखेल कशी? “काही नाहीये,” मी म्हणाले. हात तसाच वर... नजर माझ्यावर. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या किटमध्ये मी घामाने नाही, लाजेने भिजले.

मी कापूस काढला. “आता बोला.”

“तो पंखा मी तुमच्यासाठी लावला होता, इनेझ. पुढच्या भाडेकरूसाठी नाही.” त्याने खिडकीकडे बोट केलं. “लोक येतील परत. दात काय कोणाची वाट बघत थांबतात? आणि कोणी नाही आलं, तर मी येईन. माझ्याकडे अजून एकतीस आहेत.”

मला हसू आलं. “आणि मी गेलेच तर?”

तो मास्क लावून खुर्चीतून उठला, पंखा चालू करून दोन पावलं मागे सरकला आणि खिडकीपाशी उभा राहिला. “जायचं तर जा. फक्त सांगा, तुम्हाला जाताना काहीच होणार नाही का?”

मी काचेची ढाल काढली. मास्कच्या दोऱ्या कानांवरून सोडवल्या. तो पहिल्यांदाच माझा चेहरा बघत होता.

मी डावा हात वर केला.