लिपारितचा भाऊ

सेवाद्यान घराण्याच्या वंशवृक्षात बासष्ट माणसं होती आणि त्यांतली एकसष्ट मेलेली होती. तागुहीची अडचण एवढीच होती.

अडचण तशी किरकोळ. घराणं तेराव्या शतकातलं, तेव्हा कुणीही शहाणा माणूस बासष्टाव्यालाही गेलेला धरून चालला असता. पण येरेवानच्या एका संशोधन संस्थेत तागुही बावीस वर्षं याच घराण्यावर काम करत होती, आणि ‘धरून चालणं’ ही चैन तिच्या गुरूंनी तिला पहिल्याच वर्षी बंद केली होती. तक्त्यात प्रत्येक नावाखाली छोटा क्रूस, क्रूसापुढे मृत्यूचं साल, आणि त्या सालाला पुरावा. पुरावा नसेल तर साल नाही, साल नसेल तर क्रूस नाही.

बासष्टावा म्हणजे वासाक. घराण्याचा शेवटचा कर्ता सरदार लिपारित, त्याचा हा धाकटा भाऊ. गुरूंनी मरण्यापूर्वी त्याच्यापुढे पेन्सिलीने १२६२ लिहून ठेवलं होतं, कारण त्या सालानंतर त्याचा माग लागत नव्हता. तागुहीने तेच साल शाईने गिरवलं. त्याच आठवड्यात दक्षिणेकडच्या त्सोराकार मठात एका गवंड्याने भिंतीवरची काजळी खरवडली आणि खालून चार ओळी निघाल्या. ‘मी वासाक, लिपारितचा भाऊ, माझी द्राक्षबाग मठाला दिली. मठवासीयांनी वर्षातून दोन दिवस माझ्या नावाने प्रार्थना करायचं कबूल केलं.’ साल १२७१.

असं होतं. तिने १२६२ खोडून १२७१ केलं. महिन्याभरात शुभवर्तमानाची एक पोथी संस्थेत आली. तिच्या शेवटच्या पानावर लेखनिकाने आभार मानले होते ते लिपारितचा भाऊ वासाक याचे, १३०४ साली. म्हातारा चिवट असेल, म्हणून तिने १३०४ केलं. मग १३९१ सालचा एक दगडी क्रूस सापडला, त्यावरही तेच नाव.

इथे कुणीही म्हणेल, हा दुसरा वासाक. तागुहीनेही म्हटलं. तिने वासाक पहिला, वासाक दुसरा असे राजांसारखे आकडे घातले आणि चार दिवस शांत झोपली. पाचव्या वासाकापर्यंत आल्यावर मात्र तिच्या हाती १८३१ सालची एका गावच्या चर्चची वही लागली. त्यात नोंद होती, ‘लिपारितचा भाऊ वासाक, मेणबत्त्या चार.’ तिने अख्खी वही दोनदा वाचली. त्या गावात लिपारित नावाचा माणूस नव्हता. भाऊ मात्र होता.

यातलं काहीही चमत्कारिक नाही, असं ती स्वतःला सांगत असे. एकच गोष्ट तिला खुपत होती. प्रत्येक पुरावा तिने साल लिहिल्यावरच निघाला होता. आधी कधीच नाही.

“तागुही जान, मारून टाक त्याला आणि मोकळी हो,” संपादक गार्निक म्हणाला. गार्निक पुस्तकं वाचत नसे, वेळेवर काढत असे. ‘सेवाद्यान घराण्याचा अस्त’ हे मुखपृष्ठ छापून तयार होतं, पुस्तक तीनदा लांबणीवर पडलं होतं, आणि डिसेंबरात तागुही निवृत्त होणार होती. त्यानंतर तिचं टेबल कुणाला द्यायचं तेही ठरलेलं होतं. “घराणं संपलंच नाही म्हणालीस तर त्या मुखपृष्ठांत मी काय, चीज गुंडाळू? आणि तो इतकाच जिवंत असेल तर त्याला पेन्शनही चालू असेल. चौकशी कर.”

तिला हसू आलं नाही. बावीस वर्षं, आणि एका नावाखाली क्रूस पडत नव्हता.

सप्टेंबरात क्रूसाच्या सणानंतरच्या सोमवारी, म्हणजे सगळे आपापल्या मेलेल्यांना भेटायला जातात त्या दिवशी, ती त्सोराकारला गेली. वाटेत आरेनी गावाजवळ व्हॅन थांबली. कोकाकोलाच्या बाटल्यांत भरलेली वाइन रस्त्याकडेला ओळीने मांडलेली होती, ती दोघा प्रवाशांनी विकत घेतली आणि व्हॅन पुढे निघाली. तिच्या पिशवीत लवाशच्या पातळ रोटीत गुंडाळलेलं चीज, विजेरी आणि एक कागद होता. कागदावर बासष्ट नावं होती. आज पाद्री आपण दिलेली नावं मृतांच्या प्रार्थनेत वाचतात, आणि सेवाद्यानांची नावं द्यायला दुसरं कोण उरलं होतं? हे तिने लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की ती इतकी कावली होती, की देवळात मेलेल्यांमध्ये नाव वाचलं गेलं तर निदान कुठेतरी त्याची नोंद होईल, असं तिला वाटू लागलं होतं.

मठाच्या पुढल्या दालनात जमिनीतच सेवाद्यानांच्या थडग्यांच्या शिळा आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याने आपल्यावर पाय देऊन जावं, असं त्या सरदारांनीच सांगून ठेवलेलं. हयातीत जी नम्रता जमली नाही ती त्यांनी मागाहून अशी भरून काढली. आठशे वर्षांच्या पावलांनी लिपारितची अक्षरं पार झिजली होती. ती बोटांनी चाचपून वाचावी लागत. शेजारच्या वासाकची अक्षरं मागच्या आठवड्यात कोरल्यासारखी धारदार होती. नाव होतं. साल नव्हतं. ते तिला माहीत होतं, तरी तिने गुडघ्यांवर बसून विजेरीने कानाकोपरा पाहिला.

उठून भिंतीला टेकली तेव्हा तिच्या लक्षात आलं. लोक धूप आणि फुलं घेऊन आत येत होते. लिपारितवर पाय देत होते, मग अर्धं पाऊल डावीकडे होऊन पुढे जात होते. सगळेच. एका बाईने बाबागाडी उचलून बाजूने नेली. कुणी खाली बघत नव्हतं.

दाराशी मेणबत्त्या विकणाऱ्या वार्सेनिकबाईंना तिने विचारलं, की सगळे असा वळसा का घालतात.

“माणूस उभा असला की वळसाच घालतात ना,” वार्सेनिकबाई मेणबत्त्या मोजता मोजता म्हणाल्या. “तुमच्या येरेवानात काय, धक्का मारून जातात?”

“तिथे कुणी उभं नाहीये.”

वार्सेनिकबाईंनी एकदा तिकडे नजर टाकली. “आत्ता तुम्ही पायांशी येऊन बसलात म्हणून सरकले असतील,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

प्रार्थना दुपारी झाली. दालनाच्या छताला मधोमध उजेडासाठी भोक आहे, त्यातून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडला होता आणि धूप त्यातून वर जात होता. पाद्री तेर येझनिक, आडव्या अंगाचे, सर्दी झालेले, तिचा कागद हातात घेऊन नावं वाचू लागले. तागुही मनात मोजत होती. एकोणसाठ. लिपारित, साठ. लिपारितची बायको, एकसष्ट.

“वासाक.”

तेर येझनिक थांबले. त्यांनी कागदावरून नजर वर केली, तागुहीच्या खांद्यापलीकडे पाहिलं आणि बसमध्ये ओळखीचं कुणी दिसल्यावर करतो तशी मान हलवली. मग खिशातून पेन्सिल काढून कागदावर एक रेघ मारली आणि प्रार्थना पुढे चालू केली.

तागुहीने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

सगळं आटोपल्यावर तिने त्यांना गाठलं.

“तेर येझनिक, तुम्ही एक नाव खोडलंत.”

“हो. ‘आहे’ म्हणाले ना.”

“कोण?”

“ज्यांचं नाव घेतलं ते.” ते अंगावरचं वस्त्र घडी करत होते. “बाई, मेलेल्यांच्या यादीत जित्या माणसाला घालू नये. लोकांना राग येतो. गेल्या वर्षी आमच्या इथे एका जावयाने सासूचं नाव दिलं, आणि सासू मागेच उभी.” ते हसले, शिंकले, आणि मग जरा हळू आवाजात म्हणाले, “विचारत होते, ही यादी कुणी दिली.”

“मग?”

“देवळात काय सांगणार? खरं ते सांगितलं. वडिलांचं नावही विचारलं त्यांनी. ते मला ठाऊक नव्हतं.”

परतीच्या व्हॅनमध्ये ती रागाने धुमसत होती. एक अख्खं खोरं आपली चेष्टा करतंय आणि त्यात पाद्रीही सामील आहे, याहून सोपं उत्तर तिला सापडलं नाही, म्हणून तिने तेच पत्करलं. घरी येऊन कोटही न काढता तिने तक्ता पुढ्यात ओढला. आकडे घातलेले पाच वासाक काढून टाकले. एकच ठेवला. त्याच्याखाली क्रूस काढला आणि पुढे लिहिलं, १२६२. पुरावा म्हणून गुरूंच्या पेन्सिलीचा हवाला दिला, जो पुरावा नव्हता. खाली संपादनाची जबाबदारी म्हणून पूर्ण सही केली. तागुही, वडिलांचं नाव हामाझास्प.

मग ती वाट पाहत बसली. आठवडा गेला. नवी पोथी आली नाही, कुठल्या गवंड्याने काही खरवडलं नाही. महिना गेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला खोटं पाडलं नाही. तिने गार्निकला तक्ता दिला, तेव्हा त्याने तो न वाचताच तिच्या हाताचं चुंबन घेतलं.

डिसेंबरात पुस्तक आलं. दोन पानांवर पसरलेला तक्ता, बासष्ट नावं, बासष्ट क्रूस. निरोप समारंभात ब्रँडी झाली, भाषणं झाली. तिच्याकडे पाहून बोलायचं गार्निक विसरला, पण ते त्याचं नेहमीचंच.

तिथला नाताळ सहा जानेवारीचा; त्याच्या दुसऱ्या दिवशी, सात जानेवारीला, पुन्हा मेलेल्यांचा दिवस होता. येरेवानात बर्फ पडत होतं. आईवडिलांच्या दफनभूमीतल्या छोट्या चर्चमध्ये तागुही गर्दीत उभी राहिली. तिने दिलेल्या चिठ्ठीवर दोनच नावं होती, तिच्या गोल अक्षरात.

पाद्री तरुण होता, घाईत होता. तो एकेक चिठ्ठी उचलून वाचत होता.

“हामाझास्प. एप्राक्सिया.”

तागुहीने क्रूसाची खूण केली.

पाद्र्याने चिठ्ठी खाली ठेवली नाही. त्याने ती खिडकीच्या उजेडाकडे तिरपी धरली, जणू पुढची ओळ वेगळ्या, धारदार वळणाची होती.

“तागुही,” त्याने वाचलं. “हामाझास्पची मुलगी.”

“आहे,” तागुही म्हणाली.

समोरच्या बाईने डोक्यावरचा रुमाल नीट केला.

“आहे,” तागुही पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्याने.

पाद्र्याने पुढची चिठ्ठी उचलली.