कशेळीला थांबणारी खरखर

गळ्यात तुळशीमाळ आहे, खोटं लिहिणार नाही. हे माझ्याच व्हॅनमध्ये घडलंय.

गेल्या माघातला गुरुवार. संध्याकाळचे सात. ठाणे-भिवंडी रस्त्यावर कशेळीचा ट्रॅफिक.

ठाण्यातलं कीर्तन आटपून मी आणि रामनाथकाका आमच्या वळ गावाला परतत होतो. काका आमच्या मंडळाचे मृदंगी. मृदंगाच्या एका तोंडाला ओली कणीक लावतात, कीर्तन संपलं की ती खरवडायची. काका ते काम मागच्या सीटवर बसूनच करायचे.

"कणीक सुकली का मृदंग रुसतो रं," म्हणायचे.

खर्र... खर्र...

पुढे मी रेडिओवर कीर्तन लावलेलं. बुवा असे रंगले होते, की मी आवाज आणखी वाढवला.

मागची खरखर कधी थांबली... कळलंच नाही.

वळ गावात पोचून मागचं दार उघडलं. काका मृदंग मांडीवर घेऊन तसेच बसलेले.

गार.

डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतंत तर..."

तेराव्यानंतर गाडी काढली. रेडिओ लावला.

खर्र... खर्र...

वाटलं, वायरिंग असेल. आमच्या गावचा धनेश गाड्यांची वायरिंग करतो. त्याला बोलावलं.

"दादूस, आल्टरनेटरचा आवाज हाय. इंजिन बंद केला का जाईल."

बंद केलं. गेलं नाही.

त्याने चार्जर काढला. अँटेना काढली. मग एकेक फ्यूज उपटत गेला.

"उंदीर पाळलास का रं रेडिओत?" तो हसत होता.

शेवटी बॅटरीची वायर सोडवली. रेडिओचा दिवा विझला. कीर्तन बंद पडलं.

खर्र... खर्र...

आवाज मागच्या सीटवरून येत होता.

धनेशने पाना तिथेच टाकला. "माझ्याच्यानं न्हाय व्हायचा," म्हणाला आणि मागे न बघता गेला.

गाडीवर घर चालतं, ती काढावीच लागते. रोज ठाण्याहून परतताना आवाज सुरू होतो. सात वाजता, कशेळीत... थांबतो.

तेव्हा समजलं, काकांनी जीव कुठे सोडला ते.

आता मी रेडिओ लावत नाही. काल कशेळीत खरखर अडखळली, तशी गाडी रस्त्यातच उभी केली. मागून कंटेनरवाला ओरडत होता, "अरे भाई, गाडी हटा!"

मी मागचं दार उघडलं. रिकाम्या सीटवर हात ठेवला.

"काका, मी हाय. चला, दवाखान्यात जाऊ."

खर्र...

आणि थांबलं.

हाताला ओली कणीक लागली. कोमट होती.

भीती नाही वाटत हो. त्यांना रोज रोज तसं एकट्यानं जावं लागतंय, त्यानं जीव तुटतो.

म्हणून आज कशेळीला गेलोच नाही. ठाण्यात दवाखान्याच्या दारातच गाडी लावून बसलोय. विठ्ठल विठ्ठल म्हणत हे लिहितोय.

सातला दोन मिनिटं कमी आहेत.

मागचा आवाज... हळू होत चाललाय.